गेथशेमाने: ‘हा प्याला नको’ म्हणणारा देव

जैतूनवाट (धागाकर्ता)

जपमाळेतल्या दुःखाच्या रहस्यांपैकी (येशूच्या दुःखाच्या प्रसंगांपैकी) पहिलं रहस्य म्हणजे बागेतली प्रार्थना, क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने गेथशेमाने बागेत केलेली. लहानपणापासून म्हणत आलोय, त्यामुळे त्यावरून जीभ नुसती घसरत जाते. पुढे फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस असं ‘खरं’ दुःख आहे आणि बाग ही त्याची प्रस्तावना, असं मी धरून चाललो होतो. या प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) मार्कच्या शुभवर्तमानाचा १४वा अध्याय सावकाश वाचायला घेतला आणि ३२व्या ओवीपाशी अडकलो तो अजून तिथेच आहे.

मार्क तिथे जे ग्रीक क्रियापद वापरतो त्यात नुसती उदासी नाही, दचकून हादरणं आहे. येशू पेत्र, याकोब आणि योहान यांना घेऊन पुढे जातो. याइराची मेलेली मुलगी येशूने उठवली तेव्हा खोलीत होते ते हेच तिघे. डोंगरावर त्याचं तेजस्वी रूप पाहिलं तेही यांनीच. आता त्यांच्यासमोर तो म्हणतो, माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, इथे थांबा, जागे राहा. थोडं पुढे जाऊन जमिनीवर पडतो. आणि मग ‘अब्बा’. चारही शुभवर्तमानांत हा अरामी शब्द येशूच्या तोंडी फक्त इथेच लिहिलेला आहे. बापाला घरच्या भाषेत हाक मारून तो काय मागतो? हा प्याला माझ्यापासून दूर कर.

हे त्याला तीनदा सांगावं लागलं. मत्तयामध्ये तर शब्द बदलत जातात. पहिल्यांदा ‘शक्य असेल तर हा टळो’. दुसऱ्यांदा ‘मी प्यायल्यावाचून टळणारच नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’. हे शेवटचे शब्द ‘हे आमच्या बापा’ या प्रार्थनेतलेच आहेत. त्याने जी प्रार्थना शिष्यांना शिकवली तीच त्याला स्वतःला घाम फुटेस्तोवर म्हणावी लागली.

माझा प्रश्न साधा आहे. तो खरंच घाबरला होता का? आणि त्याला खरंच ‘नको’ वाटत होतं का? मला ‘हो’ असं वाटतं, आणि ख्रिस्तसभेची शिकवणही तीच आहे असं वाटतं. पण प्रवचनांमध्ये हे ‘नको’ फार घाईने गुंडाळलं जातं. जाणकारांनी लिहावं.

तिरकस

मी ख्रिस्ती नाही, कुठलाच नाही, पण धागा आवडला म्हणून लिहितो. सॉक्रेटिसपुढेही प्यालाच आला होता, विषाचा. तो शिष्यांशी गप्पा मारत शांतपणे प्यायला आणि रडणाऱ्यांना त्यानेच दटावलं. त्या मानाने बागेतला प्रसंग कमी पडतो, असं म्हणालो तर राग येईल का? इथे शिष्य झोपलेत आणि गुरू जमिनीवर पडलाय.

माजी_सेमिनारी

राग कशाला? हा आक्षेप फार जुना आहे. दुसऱ्या शतकातला केल्सस हा ख्रिस्ती धर्माचा टीकाकार हेच म्हणाला होता: देव असेल तर हा विलाप कशाला, मरणाची भीती टळावी म्हणून याचना कशाला? ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने त्याला उत्तर लिहिलं म्हणून केल्ससचे शब्द आज आपल्यापर्यंत आहेत. म्हणजे हा प्रसंग अवघडल्यासारखा करणारा आहे हे पहिल्या ख्रिस्ती लोकांना चांगलंच ठाऊक होतं. तरी मार्कने खोडला नाही, मत्तयाने खोडला नाही.

सॉक्रेटिसबद्दल एक फरक लक्षात घ्या. त्याच्या लेखी मरण म्हणजे आत्म्याची देहातून सुटका. सुटका होत असेल तर शांत राहणं तर्काला धरूनच आहे. बायबलमध्ये मरण सुटका नाही, शत्रू आहे. प्रेषित पौल त्याला ‘शेवटचा शत्रू’ म्हणतो. मेलेल्या मित्राला, लाजराला, थोड्याच वेळात उठवायचंच आहे हे माहीत असूनही येशू त्याच्या थडग्यापाशी रडतो. ज्याला जीवन जास्त कळतं त्याला मरणाची किळसही जास्त येणार. मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस याने जवळजवळ हेच म्हटलंय: ख्रिस्ताचं शरीर आणि मन दोन्ही निर्दोष होती, म्हणून वेदना बोथट होण्याची सोयच नव्हती.

पैलतीर

आपल्या भाषेत यासाठी तयार शब्द आहे, लीला. देव माणसाचं सोंग घेतो, माणसासारखा रडतो, आतून मात्र निर्लेप असतो. ख्रिस्ती लोकांना असं म्हणायला काय अडचण आहे? मग भीतीचा प्रश्नच मिटतो.

जैतूनवाट

पैलतीर, मिटतो खरा, आणि अडचण तीच आहे. असं म्हणणारे ख्रिस्ती पहिल्याच शतकांत होऊन गेले. येशूने भोगल्यासारखं केलं, प्रत्यक्षात भोगलं नाही, असं त्यांचं म्हणणं. अंत्युखियाचा बिशप इग्नाती हुतात्मा व्हायला रोमला नेला जात होता. वाटेत लिहिलेल्या पत्रात तो विचारतो, त्याचं भोगणं जर नुसता देखावा असेल तर मी बेड्यांत कशाला आहे?

मला यापेक्षा मोठा युक्तिवाद माहीत नाही. लीला पाहताना आपण प्रेक्षक असतो. इथे प्रेक्षक व्हायला कोणी बोलावलेलं नाही. ‘माझ्याबरोबर जागे राहा’ असं सांगितलंय.

माजी_सेमिनारी

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नावर येतो. जरा लांबेल, पण ही गोष्ट सांगायलाच हवी.

४५१ साली कॅल्सीडॉनच्या परिषदेने ठरवलं: ख्रिस्त ही एक व्यक्ती, स्वभाव (म्हणजे मूळ प्रकृती) दोन, संपूर्ण देव आणि संपूर्ण माणूस. हे अनेकांना पटलं नाही, विशेषतः ईजिप्त आणि सीरियात, आणि पूर्व रोमन साम्राज्य धर्मावरून फुटलं. सातव्या शतकात आधी पर्शियन, मग अरब चालून आले, तेव्हा सम्राट हेराक्लियसला ही फूट परवडेना. कॉन्स्टॅन्टिनोपलचा कुलगुरू (तिथला प्रमुख बिशप) सेर्गियस याने तडजोड काढली. स्वभाव दोन असू देत, पण ख्रिस्ताची इच्छा एकच, दैवी. ६३८ साली तसा फतवा निघाला.

वरवर पाहिलं तर यात काय बिघडलं? उलट भक्तिपूर्ण वाटतं. पण गेथशेमानेपाशी हे कोसळतं. इच्छा एकच आणि तीही दैवी असेल, तर ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ यातली ‘माझी’ कोणाची? बापाची आणि पुत्राची दैवी इच्छा तर एकच. मग ते वाक्य पोकळ होतं. पैलतीर म्हणतात ती लीला होते.

मॅक्सिमस नावाच्या एका मठवासीने हे ओळखलं. त्याचं म्हणणं असं: बागेतलं ‘नको’ मानवी इच्छेचं आहे आणि त्यात पाप नाही. जिवंत प्राण्याने मरणापासून मागे सरणं ही देवानेच घडवलेली ओढ आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पाठोपाठ आलेला ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ हा होकारही त्याच मानवी इच्छेचा आहे. माणसाच्या वतीने देवाने देवाला होकार दिला असता तर त्यात माणूस कुठे आला? एदेन बागेत पहिल्या माणसाच्या, आदामच्या, इच्छेने ‘नाही’ म्हटलं होतं. तीच इच्छा आणखी एका बागेत ‘हो’ म्हणायला हवी होती.

याची किंमत पाहा. ६४८ साली नव्या सम्राटाने, कॉन्स्टन्स दुसऱ्याने, हुकूम काढला की एक इच्छा की दोन इच्छा यावर कोणी बोलायचंच नाही. (म्हणजे आपल्याकडचं ‘धागा कुलूपबंद करण्यात येत आहे’.) पोप मार्टिन पहिला याने ६४९ साली रोममधल्या लॅटरनमध्ये सभा भरवून हा हुकूम धुडकावला. ६५३ साली त्याला पकडून कॉन्स्टॅन्टिनोपलला नेलं, अपमान केला, मग क्रिमियात हद्दपार केलं. तिथून लिहिलेल्या पत्रांत तो उपासमारीची आणि रोमच्या विस्मरणाची तक्रार करतो. तो जिवंत असतानाच रोममध्ये नवा पोप निवडला गेला होता. ६५५ साली तो क्रिमियातच मेला. ऐंशी ओलांडलेल्या मॅक्सिमसची जीभ आणि उजवा हात तोडून त्याला कॉकेशसकडे धाडलं. ६६२ साली तोही गेला. म्हणजे बोलायचं नाही आणि लिहायचंही नाही.

आणि ६८०-८१ साली कॉन्स्टॅन्टिनोपलच्याच तिसऱ्या परिषदेने तीच शिकवण उचलून धरली: ख्रिस्ताच्या ठायी दोन इच्छा, मानवी इच्छा दैवी इच्छेला विरोध करत नाही, तिच्या अधीन होते. आजच्या कॅथोलिक कॅटेकिझमच्या (अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाच्या) ४७५व्या परिच्छेदात हे आहे. जैतूनवाट, तुमच्या ‘नको’साठी एका माणसाने जीभ दिली आहे. प्रवचनकारांनी घाई करू नये हे बरोबरच.

तिरकस

हे ऐकून मी थोडा गप्प झालो, पण शंका उरतेच. एका माणसात दोन इच्छा म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व नाही का?

माजी_सेमिनारी

पोप आगाथोने परिषदेला पाठवलेल्या पत्रात याचं उत्तर आहे. इच्छा व्यक्तीला चिकटलेली की स्वभावाला? व्यक्तीला म्हणाल तर त्रैक्यात (बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) तीन व्यक्ती, म्हणजे तीन इच्छा, म्हणजे तीन देव होऊन बसतील. त्रैक्यात व्यक्ती तीन, स्वभाव एक, म्हणून इच्छा एक. ख्रिस्तात व्यक्ती एक, स्वभाव दोन, म्हणून इच्छा दोन.

दोन इच्छा म्हणजे दोन मालक नव्हेत. इच्छा करणारा एकच, पुत्र. तो देव म्हणूनही इच्छितो आणि माणूस म्हणूनही.

रात्रपाळी

मला त्रैक्याचं गणित जमत नाही, पण दुभंगलेपणाबद्दल एक सांगते.

धाकट्या भावाला मी किडनी दिली. निर्णय माझा. कोणी जबरदस्ती केली नाही, उलट तीन-तीन वेळा विचारलं, वेगळ्या खोलीत बसवून विचारलं. प्रत्येक वेळी मी ‘हो’ म्हटलं आणि मनापासून म्हटलं. ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवर झोपवल्यावर माझे पाय थडथड उडायला लागले. थांबवायचं म्हटलं तरी थांबेनात. सिस्टरला वाटलं थंडी वाजतेय, तिने दुसरी चादर आणून घातली. मला थंडी वाजत नव्हती. माझं अख्खं शरीर ‘नको’ म्हणत होतं. दारापाशी डॉक्टरांनी परत विचारलं, अजून वेळ आहे, नको असेल तर सांगा. मी ‘हो, चला’ म्हटलं. पाय उडतच होते.

त्यात मी दोन माणसं नव्हते. तो ‘हो’ माझा होता आणि ते पायही माझेच होते. पाय उडाले नसते तर तो ‘हो’ स्वस्त असता असंही म्हणणार नाही, पण न उडणाऱ्या पायांची फुशारकी मारणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

तिरकस

रात्रपाळी, सॉक्रेटिस मागे घेतो. निदान आजपुरता.

शाईडाग

जरा अवांतर. रक्ताच्या थेंबांसारखा घाम आणि बळ देणारा देवदूत, हे फक्त लूकमध्ये आहे (२२:४३-४४). पण व्हॅटिकन हस्तलिखितासारख्या काही फार जुन्या प्रतींत या दोन ओव्या नाहीतच. सिनाय हस्तलिखितात आहेत, आणि तिथे कोणा दुरुस्तीकाराने त्यांवर खुणा केल्या आहेत. मग हा भाग नंतर घुसडला असेल तर?

माजी_सेमिनारी

वाद खरा आहे, अभ्यासक अजून दोन्ही बाजूंनी आहेत. पण रक्तासारख्या घामाचा उल्लेख जस्टिन आणि इरेनियस हे ख्रिस्ती लेखक दोघेही दुसऱ्या शतकातच करतात, तेव्हा ओव्या नंतरच्या ठरल्या तरी फार नंतरच्या नाहीत. कोणीतरी घातल्या असतील तसंच कोणीतरी गाळल्याही असतील. देवदूताकडून बळ घेणारा देवपुत्र काहींना खटकला असणारच. कॅथोलिक बायबलमध्ये त्या आहेत आणि मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) वाचल्याही जातात. लूकने तिथे ‘आगोनिया’ हा ग्रीक शब्द वापरलाय. त्याचा मूळ अर्थ आखाड्यातली झुंज. आपण तो फक्त ‘वेदना’ असा वाचतो आणि झुंज हरवते.

शाईडाग

धन्यवाद. आणि एक खोडी काढतो. तुम्ही मार्टिन आणि आगाथोची नावं घेतलीत, होनोरियसचं नाव मात्र सोयीस्करपणे विसरलात. हा पोप ‘एक इच्छा’ असं लिहून बसला होता आणि त्याच परिषदेने त्याच्या मृत्यूनंतर त्याचा धिक्कार केला.

माजी_सेमिनारी

विसरलो नाही, वेगळ्या धाग्याचा ऐवज आहे. १८७०च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेत पोपच्या अचूकपणावर वाद झाला तेव्हा विरोधकांनी होनोरियसच पुढे केला होता. होनोरियसची बाजू मांडणारे म्हणतात की त्याने खासगी पत्रात गाफीलपणे लिहिलं, ख्रिस्तसभेला बंधनकारक शिकवण म्हणून नाही. मला हा खुलासा पटतो. पण धिक्कार झाला होता हे खरंच आहे, झाकायचं कारण नाही.

अबोली

इतके दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते.

माझे यजमान अकरा महिने आजारी होते. आम्ही प्रार्थना केली, नवस नव्हे, प्रार्थना. एका प्रार्थनागटातल्या बाई घरी यायच्या. शेवटी शेवटी त्या म्हणाल्या, तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय, नाहीतर उत्तर मिळालं असतं. यजमान बाजूच्याच खोलीत होते, त्यांनी ऐकलं. मला काय म्हणाले सांगते: “माझ्यामुळे तुझा विश्वास कमी ठरतोय.” ते गेल्याचं दुःख आहे ते आहेच, पण हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

आता इब्री लोकांस पत्र ५:७ वाचा. येशूने मोठा आक्रोश करत, अश्रू गाळत प्रार्थना केली आणि ती ‘ऐकण्यात आली’ असं लिहिलंय. कुठे ऐकली? दुसऱ्या दिवशी दुपारी तो क्रूसावर होता. मला हे वाचून चीडच येते.

माजी_सेमिनारी

अबोलीताई, पुस्तकी उत्तर असं: त्या ओवीतले ग्रीक शब्द ‘मरणातून बाहेर’ काढणं असेही वाचता येतात. म्हणजे मरण टळलं नाही, पण मरणातून बाहेर काढलं, पुनरुत्थानाने. उत्तर बरोबर आहे असं मला वाटतं. पण रात्री तीन वाजता दवाखान्याच्या बाकड्यावर ते पुरत नाही, हेही मला माहीत आहे.

जैतूनवाट

अबोलीताई, त्या बाईंनी जे सांगितलं ती ख्रिस्तसभेची शिकवण नाही. हे मी जबाबदारीने लिहितो.

येशूपेक्षा जास्त विश्वास कोणाचा होता? त्याने ‘अब्बा’ म्हणून मागितलं, तीनदा मागितलं, आणि प्याला टळला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदाच विनंती केली, तोही निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर मिळालं. विश्वास मोजायचं माप जर ‘मागितलेलं मिळालं का’ हे असेल, तर त्या मापाने गेथशेमानेतला येशूच नापास होतो. कॅटेकिझमही (परिच्छेद ६१२) बागेतल्या प्रार्थनेत मरणाबद्दल मानवी स्वभावाला वाटणारी दहशत व्यक्त झाली असं सरळ म्हणतो. दहशत हाच शब्द. अविश्वास नव्हे.

आणि चीड येते तर येऊ द्या. ‘का टाकलंस मला’ हे क्रूसावर म्हटलं गेलंय, आणि तेही स्तोत्रातलं आहे, म्हणजे प्रार्थनाच.

पैलतीर

एक विचारू? तो ‘प्याला’ म्हणजे नेमकं काय? नुसतं मरण की आणखी काही?

जैतूनवाट

जुन्या करारात प्याला बहुतेक वेळा देवाच्या क्रोधाचा आहे. यशया ५१, यिर्मया २५, स्तोत्र ७५ पाहा. म्हणून त्यात मरणाबरोबर जगाच्या पापाचा भार आहे, असं परंपरा मानते. पण कॅथोलिक शिकवण इथे एक रेघ ओढते: स्वतः पाप केल्यासारखा येशू बापाला नकोसा झाला, असं नाही (कॅटेकिझम ६०३). बाप तिथे रागावून उभा नाही. ‘अब्बा’ ही हाक खोटी ठरत नाही. योहानामध्ये तर बागेतली झुंज सांगितलेलीच नाही, फक्त पेत्राला विचारलेला प्रश्न आहे: बापाने दिलेला प्याला मी पिऊ नये का? ‘बापाने दिलेला’. हा शब्द मला अजून पचलेला नाही, पण सोडवतही नाही.

रात्रपाळी

यरुशलेममधल्या त्या बागेजवळच्या मंदिरात मी एकदा जाऊन आले. १९२४ साली पूर्ण झालेलं, बार्लुत्सी नावाच्या इटालियन वास्तुविशारदाचं. खिडक्यांना जांभळट दगडी पत्रे लावलेत, त्यामुळे भर दुपारी आत संध्याकाळ असते. वेदीसमोर उघडा खडक, भोवती लोखंडी काट्यांचं कुंपण. बाहेर आठ म्हातारी जैतुनाची झाडं. त्यांतल्या तिघांची लाकडं तपासली तर ती बाराव्या शतकाच्या आसपासची निघाली, म्हणजे येशूला पाहिलेली नव्हेत. गाइड तरी सगळ्यांना ‘तीच झाडं’ सांगत होता. गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा हेही तिथेच कळलं. खडकाला हात लावला. गार होता, आणि इतक्या हातांनी गुळगुळीत झालेला.

अबोली

सगळ्यांचं वाचलं. जैतूनवाट, तुमचं दोनदा.

आज पवित्र गुरुवार, बागेतल्या त्या रात्रीच्या आठवणीचा. संध्याकाळच्या मिस्सानंतर सांक्रामेंत (ख्रिस्ताचं शरीर मानलेली पवित्र भाकर) बाजूच्या वेदीवर नेतात आणि लोक रात्री जागतात. गेल्या वर्षी गेले नव्हते, जाववलंच नाही. आज मागच्या बाकावर बसले. काही मागितलं नाही. त्यांचं ते वाक्य तेवढं तिथे सांगितलं, जसंच्या तसं. मग माळ काढली, पहिलं रहस्य सुरू केलं. चौथ्या की पाचव्या मण्यावर डोळा लागला. शेजारच्या बाईंनी हलवून उठवलं तेव्हा बारा वाजत आले होते आणि मेणबत्त्या विझवत होते.